कळा सोसून आलेलं बाळ आणि रिपोर्टातला आकडा

कोडोलीहून बोलतेय. बचत गटाच्या कामासाठी वाड्यावस्त्यांवर फिरणारी तुमचीच बाई. आज हप्ते, व्याज, वही यातलं काही सांगणार नाही. पण विषय आमच्या कर्जाच्या वहीतूनच निघाला, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

पावसाळ्यातली बैठक होती. एक बाई आपल्या जावेच्या वतीनं आली आणि म्हणाली, "वीस हजार पायजेत, आजच पायजेत. बाळाचा सीआरपी वाढलाय म्हणं. पेटीत ठेवलंय." जाऊ बाळंत होऊन दोनच दिवस झालेले. बाळंतपण नॉर्मल झालेलं, पण कळा सोसता सोसता रात्र गेली, दुसरा दिवस गेला, तेव्हा कुठं पोरगं बाहेर आलं.

पैशाचं बोलणं राहिलं बाजूला, बायका पहिल्यांदा कारणावरच तुटून पडल्या. एक म्हणाली, "नॉर्मल नॉर्मल करत बसलासा, वेळेत सिझर केलं असतं तर ल्योक पेटीत गेला नसता." दुसरी म्हणाली, "आमच्या लेकीचं सिझर झालं, तिच्या बाळाचा सीआरपी दोनच आला. पोरगी एकदम स्वच्छ." तिसरीनं तर बाळंतिणीलाच धरलं, नवव्या महिन्यात थंड खाल्लं असेल म्हणून. जी बाई तिकडं दवाखान्यात टाके आणि दुधाची ठणक सोसत बसली होती, तिच्या माथी इकडं सगळा दोष लावून झाला.

मला उत्तर देता आलं नाही. मी बी.ए. आहे, तेही मराठी घेऊन. पण ते मनाला लागून राहिलं. मग सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना, सिस्टरना, आमच्या आशाताईंना विचारत गेले, मिळेल ते वाचलं. त्यातून जे समजलं ते सांगते.

सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. आपल्या काळजात, म्हणजे यकृतात, तयार होणारा पदार्थ. शरीरात कुठं जंतू शिरले, मार बसला, पेशी दुखावल्या, की तिथून निरोप जातो आणि यकृत हा पदार्थ भराभर रक्तात सोडतं. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात तो पहिल्यांदा सापडला. गावात कुठं धूर दिसला की आपण म्हणतो काहीतरी पेटलंय. पण धूर चुलीचाही असतो, पाचट पेटवल्याचाही असतो आणि घराला आग लागल्याचाही असतो. सीआरपी म्हणजे असा धूर. आतमध्ये काहीतरी धगधगतंय एवढं तो सांगतो, काय धगधगतंय ते सांगत नाही. या धगीला डॉक्टर दाह म्हणतात किंवा इन्फ्लमेशन म्हणतात.

आता जन्माकडे येऊ. कळा देऊन बाळ बाहेर येतं तेव्हा श्रम फक्त आईचे होत नाहीत. गर्भपिशवी आवळते, सैल पडते, पुन्हा आवळते. बाळाचं डोकं दाबलं जातं, लांबट होतं, कधी त्यावर सूज येते. बारा-पंधरा तास हे चाललं तर त्या जिवाच्या अंगात दाहाचे निरोप फिरू लागतात. कळा येऊन जन्मलेल्या बाळाच्या नाळेतल्या रक्तातसुद्धा हे निरोप्ये जास्त सापडतात. कळा सुरू व्हायच्या आधीच ठरवून सिझर केलेल्या बाळात ते कमी असतात. त्या निरोपांवर यकृत काम करायला लागतं आणि सीआरपी चढतो. आईचा सीआरपी वारेतून बाळात जात नाही म्हणण्याइतका कमी जातो, म्हणजे बाळाच्या रक्तात दिसतो तो बाळानं स्वतः तयार केलेला.

म्हणून होतं काय, की धडधाकट, जंतूंचा काही संबंध नसलेल्या बाळाचाही सीआरपी जन्मानंतर थोडा वाढतो. सगळ्यात वर जातो तो साधारण पहिल्या आणि दुसऱ्या दिवसाच्या दरम्यान, मग आपोआप उतरायला लागतो. कळा लांबल्या, पाणी फुटून बराच वेळ गेला, व्हॅक्यूम किंवा चिमटा लावावा लागला, तर तो जास्त चढतो. ठरवून केलेल्या सिझरमध्ये सगळ्यात कमी चढतो. आणि बारा तास कळा देऊन शेवटी सिझर केलं, तर ते बाळ कळा सोसलेल्या बाळांच्याच जवळ जातं. पोट कापलं की नाही यापेक्षा बाळानं कळा किती सोसल्या हे इथं जास्त मोजलं जातं.

या आकड्याची सर्वसाधारण हद्द धरतात ती १०ची, म्हणजे एका लिटर रक्तद्रवात १० मिलिग्रॅम. पण पहिल्या दोन दिवसांत निरोगी बाळही १०ची वेस थोडी ओलांडू शकतं. आमच्या त्या बाळाचा आकडा होता १८, आणि रक्त काढलं होतं जन्मल्यावर तीस तासांनी. म्हणजे बरोबर त्याच वेळी, जेव्हा धूर तसाही वर चढलेला असतो.

मग डॉक्टर चुकले का? नाही, असं मी म्हणणार नाही. तान्ह्या बाळाचा जंतुसंसर्ग वाईट. सकाळी दूध पिणारं बाळ संध्याकाळी हाताबाहेर जातं. कळा लांबलेल्या, आकडा वाढलेला, अशा वेळी डॉक्टरांनी बाळ नजरेखाली ठेवलं, रक्त कल्चरला पाठवलं आणि रिपोर्ट येईपर्यंत अँटिबायोटिक सुरू केलं, तर ते शहाणपणाचंच काम. कल्चर म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते पाहणं. दह्याचं विरजण लावतो तसं म्हणा हवं तर. त्याला दीड-दोन दिवस लागतात. जंतू वाढले नाहीत, बाळ चांगलं दूध ओढतंय, पुन्हा केलेला सीआरपी उतरलाय, असं असेल तर औषध थांबवता येतं. या बाळाचं तसंच झालं. तिसऱ्या दिवशी औषध थांबलं, पाचव्या दिवशी घरी आलं.

मधे एक गंमत झाली, आता गंमत म्हणते, तेव्हा घाम फुटला होता. दुसरा रिपोर्ट दुसऱ्या लॅबचा आला आणि त्यावर लिहिलेलं १.२. घरच्यांनी पेढे आणले, १८वरून एकदम सव्वावर आला म्हणून. सिस्टरनं कागद बघितला आणि म्हणाली, अहो, हा डेसिलिटरचा आकडा आहे. काही लॅब लिटरमागे लिहितात, काही डेसिलिटरमागे, आणि एका लिटरात दहा डेसिलिटर असतात. म्हणजे १.२ म्हणजे आपल्या आधीच्या हिशेबानं १२. उतरला होता हे खरं, पण पेढ्यांइतका नाही. उलटही होतं. आधी १.५ आणि मग १५ वाचून एखादी आई हाय खाते, आणि आकडा असतो एकच. दुधाच्या डेअरीत लिटर आणि मिलिलिटर कुणी आपल्याला फसवू शकत नाही, तसंच इथंही आकड्याशेजारची बारीक अक्षरं वाचायची, नाहीतर वाचून घ्यायची.

आता ती दुसरी, "एकदम स्वच्छ" पोरगी. तिची गोष्ट सांगताना मला अजून कसंतरी होतं.

तिचं सिझर तारीख ठरवून झालेलं. पहिल्याच दिवशी तपासणी झाली, सीआरपी २. तो कागद घरच्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवला. पाचव्या दिवशी सकाळी घरी आले, रात्री पाचवीची पूजा. पाटा-वरवंटा मांडला, कोरा कागद आणि लेखणी ठेवली, सटवाई येऊन नशीब लिहिणार म्हणून. घरभर बायका, लेकरं. त्या गडबडीत बाळ संध्याकाळपासून अंगावर ओढत नाहीये हे आईनं दोनदा सांगितलं. सासू म्हणाली, पोरीचा रिपोर्ट चांगला आहे, झोपेत असेल. दुसऱ्या दिवशी आजीला हातपाय गार लागले, तिनं आणखी एक दुपटं गुंडाळलं. सातव्या दिवशी सकाळी आशाताई आल्या, त्यांनी बाळ उघडं करून बघितलं, तळपायाला टिचकी मारली, तेव्हा ते कसंबसं हललं. १०८ला फोन केला आणि कोल्हापूर गाठलं. पोरगी वाचली, आता अंगणवाडीत जाते. पण दीड दिवस गेला तो गेलाच, आणि तो त्या कागदाच्या भरवशावर गेला.

जंतू अंगात शिरल्यावर सीआरपी चढायला दहा-बारा तास लागतात. म्हणून जन्मल्या जन्मल्या केलेल्या एका तपासणीवरून आज कल सांगता येतो, पुढच्या आठवड्याचा नाही. आणि दिवसांच्या आधी जन्मलेल्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं यकृत कच्चं असतं, त्याला धूर काढायलाही बळ नसतं. त्याचा आकडा आजारातसुद्धा कमी दिसू शकतो. सिझरच्या बाळाचा आकडा कमी येतो तो बाळ जास्त सशक्त असतं म्हणून नाही. त्यानं कळा सोसलेल्या नसतात, एवढाच त्याचा अर्थ. नॉर्मलच्या बाळाचा जास्त येतो तो आई चुकली म्हणून नाही. दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या लेकरांचे आकडे शेजारी ठेवून भांडायला आम्ही त्या दिवशी बसलो होतो, ते भांडणच खुळं होतं.

प्रयोगशाळा नसली तरी बाळाचा जंतुसंसर्ग ओळखता येतो, हे आपल्याच महाराष्ट्रानं जगाला दाखवलंय. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळ बघायचं कसं, श्वास मोजायचा कसा, वजन घ्यायचं कसं, आणि संसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा द्यायचं कसं. काहींचं शिक्षण पाच वर्गांचं. तिथं सीआरपी कुठला, वीजसुद्धा धड नव्हती. तरी त्या गावांत तान्ह्या बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. १९९९मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात ते छापून आलं. २०११पासून देशभरात आशाताई घरी येऊन बाळ बघतात, त्या योजनेचं मूळ तिथं आहे.

आशाताईंची फेरी कशी असते तेही कळून घ्या, कारण बाळंतपणाच्या रीतीचा इथंही फरक पडतो. दवाखान्यात बाळंत होऊन आलेल्या बाईकडे त्यांनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी यायचं असतं. सिझरची बाई पाच-सहा दिवस दवाखान्यातच असते, म्हणून तिच्याकडे पहिली फेरी सातव्या दिवशी. म्हणजे घरी आल्यापासून सातव्या दिवसापर्यंत बघणारं माणूस घरचंच. नेमकी त्याच दिवसांत पाचवी येते. पूजा करा, माझी ना नाही, माझ्या दोन्ही लेकरांची मी केलीय. पण त्या रात्री बाळाची आई आणि आणखी एक शहाणी बाई, या दोघींना कुठल्याही कामाला लावू नका.

बघायचं काय? बाळ दूध ओढायचं थांबलंय किंवा आधीपेक्षा फार कमी ओढतंय. झटका आला. छाती आत ओढली जातेय. शांत पडलेलं असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेतंय. हा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, मोबाईलवर वेळ लावून, आणि जास्त आला तर पुन्हा एकदा. अंग तापलंय किंवा गार पडलंय. हे गार पडणं आपल्याकडं कुणी मनावर घेत नाही. आपल्याला वाटतं आजार म्हणजे ताप. तान्ह्या बाळाला संसर्ग झाला तर ते बऱ्याचदा गारच पडतं. काखेत थर्मामीटर लावून ९९.५च्या वर किंवा ९५.९च्या खाली, दोन्हीही धोक्याचंच. हलवल्याशिवाय हलत नाही, रडणं क्षीण झालंय, तळहात-तळपाय पिवळे झालेत, नाळेभोवती लाली पसरतेय किंवा पू आहे. यातलं एक जरी दिसलं तरी रिपोर्टात काहीही असो, बाळ घेऊन निघायचं. दोन दिसायची वाट बघायची नाही. निघताना बाळ आईच्या छातीला उघडं लावून वरून पांघरायचं, म्हणजे वाटेत गारठणार नाही.

आणि दवाखान्यात डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी असतात, त्या आपणच सांगायच्या, कारण घाईत विचारायचं राहून जातं. पाणी कधी फुटलं, १८ तासांपेक्षा जास्त झाले का. कळांत आईला ताप होता का. पाण्याला वास होता का. दिवस पूर्ण भरले होते का. बाळाचा आकडा वाचताना डॉक्टरांना या गोष्टींचा आधार लागतो. आपणही विचारायचं: रक्त काढलं तेव्हा बाळ किती तासांचं होतं? पुन्हा कधी तपासणार? कल्चर पाठवलंय का, रिपोर्ट कधी? औषध किती दिवस द्यायचं ते कशावरून ठरणार? हे विचारणं म्हणजे उलट बोलणं नव्हे. माझा अनुभव असा की नीट विचारलं तर बहुतेक डॉक्टर नीट सांगतात. एखादे चिडतातही. तरी विचारायचं.

आता सिझरबद्दल दोन शब्द, कारण बैठकीत पहिलं वाक्य तेच आलं होतं. २०१५-१६च्या पाहणीत महाराष्ट्रात शंभरातली वीस बाळंतपणं सिझरनं झाली होती, २०१९-२१च्या पाहणीत ती पंचवीस झाली. चौथं बाळ सिझरचं. देशभराचा आकडा बघितला तर सरकारी दवाखान्यांत शंभरात १४ आणि खासगीत ४७. बाईचं शरीर तर दोन्हीकडं तेच असतं. हा फरक का, यावर मी इथं बोलत नाही, तुम्ही विचार करा. पण दुसरी बाजूही सांगायलाच हवी. आडवं बाळ, खाली सरकलेली वार, बाळाचे ठोके पडणं, आईचा रक्तदाब, अशा वेळी सिझरनं जीव वाचतात, आणि तिथं "आमच्यात कुणाचं सिझर झालं न्हाई" म्हणत अडून बसणाऱ्या सासवा मी बघितल्यात. माझं दुसरं बाळंतपण सिझरचंच आहे. मला अजूनही कुणी कुणी "तुला काय, आयतं पोर मिळालं" म्हणतं. त्यांना पोटावरचा टाका दाखवावासा वाटतो.

जी गोष्ट मला अजिबात पटत नाही ती म्हणजे मुहूर्तासाठी सिझर. पंचांग बघून, नक्षत्र बघून, ३७व्या-३८व्या आठवड्यात पोट उघडायचं. कळांमध्ये बाळाच्या फुप्फुसातलं पाणी आटायला लागतं, त्याचं अंग बाहेरच्या हवेची तयारी करतं. ३९ आठवड्यांच्या आधी, कळा न येता काढलेलं बाळ धापा टाकण्याची शक्यता जास्त. मग ते पेटीत, मग रक्त काढणं, मग सीआरपी, मग औषध. मुहूर्त चांगला साधला म्हणायचं का याला?

सिझरच्या बाळात आणखी एक वेगळेपण असतं. बाळाच्या आतड्यात जे चांगले जंतू वस्ती करतात ते खालच्या वाटेनं येताना आईकडून जास्त मिळतात. सिझरच्या बाळात सुरुवातीला काही चांगले जंतू कमी आणि दवाखान्यातले जास्त दिसतात. इंग्लंडमध्ये सुमारे ६०० बाळांवर झालेल्या अभ्यासात, २०१९ साली तो प्रसिद्ध झाला, हे दिसलं, आणि हेही दिसलं की सहा ते नऊ महिन्यांत हा फरक बहुतेक भरून निघतो. म्हणून सिझरवाल्या आईनं जीव जाळायचं कारण नाही. तिनं करण्यासारखं एकच मोठं काम, ते म्हणजे अंगावरचं दूध. पोटाला टाके असताना बसवत नाही, कूस वळवत नाही, तेव्हा घरचे चटकन वाटी-चमचा आणतात, मध चाटवतात, गुटी उगाळतात. ते नको. पहिल्या तासात, निदान शुद्धीवर येताच, बाळ छातीशी द्यायचं. आडवं पडून पाजता येतं. सिस्टरला म्हणायचं, मला धरून दाखवा. पिवळसर चीक पिळून टाकायचा नाही, तीच त्या बाळाची पहिली लस.

पैशाचं राहिलं. १ जून २०११पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, मग ते सिझर का असेना, फुकट. औषध, रक्त, तपासण्या, जेवण, जायची-यायची गाडी, सगळं. आजारी तान्ह्या बाळालाही तेच लागू. कोल्हापूरला सीपीआरमध्ये आजारी नवजात बाळांचा वेगळा विभाग आहे. आमच्या त्या घरानं हे माहीत असतं तर काय ठरवलं असतं मला ठाऊक नाही. रात्रीची वेळ, बाळाचा प्रश्न, जवळचा दवाखाना तो आपला, असंच आपण करतो. पण माहीत नसल्यामुळं झालं आणि माहीत असून ठरवलं, यात फरक आहे.

त्या दिवशी बैठकीत आम्ही पंधरा हजार दिले, वहीत तेवढेच शिल्लक होते. उरलेले एका आजीनं स्वतःच्या पिशवीतून काढून दिले, जी सगळ्यात जास्त "सिझर करायचं होतं" म्हणत होती तिनंच. त्या महिन्यापासून आम्ही एक ठराव केला. गटातल्या ज्या घरात बाळंतपण आहे तिथं सातव्या महिन्यातच एक बाई जाऊन या सगळ्या गोष्टी सांगून येते आणि आशाताईंचा नंबर भिंतीवर लिहून येते. भिंतीवर, कारण मोबाईल नवऱ्याच्या खिशात असतो. गटाच्या पैशातून दोन थर्मामीटर घेतले, ते घरोघर फिरतात. एक फुटला, त्यावरून थोडं भांडणही झालं.

कर्जाचा शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात आला. आई बाळाला घेऊनच आली होती. ते सीआरपी १८वालं पोरगं आता रांगतं, त्यानं माझ्या शाईच्या पॅडवर हात ठेवला आणि मग हजेरीच्या पानावर. त्या महिन्याच्या पानावर बायकांच्या अंगठ्यांत एक अंगठा एवढासा आहे.